शेजारच्या खोलीतले पंखे

मैसूरला सरस्वतीपुरमच्या त्या गल्लीत ‘वीणा मिसचं घर कुठलं?’ असं कुणालाही विचारलं की लोक हात लांब करून दाखवायचे. सौम्यनारायणचं घर विचारलं असतं तर मात्र चारचौघांनी डोकं खाजवलं असतं. घर त्याच्या वडिलांनी बांधलेलं, दारावरची पाटी त्याच्या नावाची. पण वेदवल्ली लग्न होऊन आली ती वीणा घेऊनच, आणि तेव्हापासून त्या घराच्या दिवाणखान्यात संध्याकाळ झाली की परकर-पोलक्यातल्या, पुढे सलवार-कमीजमधल्या, अलीकडे जीन्समधल्या पोरी मांडी घालून बसलेल्या असायच्या. बाहेर त्यांच्या चपलांचा ढीग. त्या ढिगातून वाट काढत कामावरून घरी येणं सौम्यनारायणला कधी आवडलं नाही. तो बोलायचा नाही, फक्त एखादी चप्पल पायाने बाजूला उडवायचा.

तो टेलिफोन खात्यात होता. एक्स्चेंजमधली यंत्रं त्याच्या हाताखाली. फोन बंद पडला की लोक सकाळी सकाळी घरी येऊन उभे राहायचे, ‘सर, तेवढं बघा ना’ म्हणून अजिजी करायचे. मग हातोहात मोबाइल आले. एक्स्चेंजमधली कपाटं एकेक करून थंड पडली. खात्याने मुदतीआधी घरी जायला सांगितलं तेव्हा इतरांबरोबर त्यानेही सही केली. निरोपाला चंदनाचा हार घातला, भाषणं झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा अंघोळ करून, कपाळावर वैष्णवी नाम ओढून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाला आणि खुर्चीत बसून राहिला.

बरेच महिने तो तसाच बसून होता. मग स्वयंपाकघरात यायला लागला. पुळियोगरेच्या भातात चिंच जास्त झाली, गॅस मोठा का ठेवलास, कॉफीची पूड संपायच्या आत का आणली नाहीस. वेदवल्ली ऐकून घ्यायची. म्हणून तो बेंगळुरूला जाऊन तिथल्या जुन्या मालाच्या बाजारातून एक सर्व्हर घेऊन आला, तेव्हा तिला खरं तर हायसंच वाटलं. कुठल्याशा ऑफिसने टाकून दिलेलं ते यंत्र. पाट असावा तसं चपटं, लांबलचक, आणि दोन माणसांनी उचलावं इतकं जड. दिवाणखान्याला लागून असलेल्या छोट्या खोलीत त्याने ते ठेवलं.

“आता याचं काय करणार?” तिने विचारलं.

“घरातलं सगळं यात साठवणार. फोटो, भार्गवीच्या लग्नाचं शूटिंग, तुझ्या रेडिओवरच्या कॅसेट. सगळं. नाहीतर बुरशी लागून जाईल एक दिवस.”

तिच्या कॅसेटचं नाव त्याच्या तोंडून निघालं याचंच तिला अप्रूप वाटलं. त्या खोलीतून फ्रिजसारखी घरघर यायची, पण दार लावलं की शिकवणीला त्रास नव्हता. सौम्यनारायण पुन्हा सकाळी उत्साहाने उठायला लागला. मुलीला, भार्गवीला, फोनवर तासन्‌तास समजावून सांगायला लागला. वेदवल्लीने मनातल्या मनात श्रीरंगनाथाला हात जोडले.

पुढे त्याने ते कार्ड आणलं.

सर्व्हरमधून त्याच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर मोठी फाइल यायला वेळ लागतो, हे त्याला खुपायला लागलं होतं. घाई कुणालाच नव्हती, पण त्याला खुपत होतं. म्हणून त्याने जास्त वेगाचं नेटवर्क कार्ड मागवलं. तेही जुनंच, आणि सर्व्हरच्या कंपनीचं नव्हे, भलत्याच कंपनीचं. एका दुपारी त्याने यंत्राचं झाकण काढलं, कार्ड खाचेत बसवलं, बटण दाबलं. वेदवल्ली हॉलमध्ये वीणेच्या तारा पुसत होती. शेजारच्या खोलीत विमान उडायला निघावं तसा आवाज उठला आणि वर वर चढत गेला.

ती दारात धावली. “अहो! काय झालं?”

“काही नाही,” तो ओरडून म्हणाला. “सुरू होताना करतंच ते. आता बसेल.”

आवाज बसला नाही. तिन्हीसांजा झाल्या, दिवा लागला, पोरी आल्या, तरी यंत्रातले सगळे पंखे एका दमात किंचाळत होते. दार लावून, दाराला सतरंजी लावूनही तो आवाज भिंतीतून झिरपत होता. नुसती घरघर असती तर एक वेळ चाललं असतं, पण त्यात एक बारीक शिट्टी होती. ती शिट्टी ना धड षड्जावर होती ना धड ऋषभावर, मधेच कुठेतरी अडकलेली.

“मिस, मिक्सर चालू आहे का?” एका छोट्या पोरीने विचारलं आणि सगळ्या हसल्या. वेदवल्लीही हसली. पहिला दिवस होता.

जेवताना सौम्यनारायणने तिला सगळं समजावलं. सर्व्हर फक्त आपल्या कंपनीची कार्डं ओळखतो. ओळखीचं कार्ड असलं की त्याला विचारतो, तू किती तापलायस? आणि तेवढेच पंखे फिरवतो. हे कार्ड त्याच्या यादीत नाही. त्याला काही विचारता येत नाही, तेव्हा तो धरून चालतो की ते पेटायला आलंय, आणि सगळे पंखे जिवाच्या आकांताने सोडतो.

“पण ते तापलंय का?”

“छे. हात लाव, कोमट आहे.”

“मग त्याला सांगा की तसं.”

“तेच तर करतोय,” तो म्हणाला, आणि बऱ्याच दिवसांनी त्याच्या डोळ्यांत एक्स्चेंजमध्ये काहीतरी अडलं की यायची ती चमक आली. “उद्या होईल.”

ते उद्या काही उजाडलं नाही. त्याने वाचलं की एक हुकूम दिला तर सर्व्हर परक्या कार्डाची भीती सोडून देतो. पण तो हुकूम द्यायच्या आधीच, सगळं नवं असलेलं बरं म्हणून, त्याने यंत्राच्या आतली प्रणाली नवी करून घेतली होती. आणि नव्या प्रणालीत कंपनीने तो हुकूमच काढून टाकला होता. मागेही जाता येईना. दोन दिवस त्याचा चेहरा पडलेला होता. मग तो पुन्हा कामाला लागला. परदेशातल्या लोकांना लिहून विचारायचा, उत्तरं छापून काढायचा, पंख्यांच्या वायरी सोडवायचा-जोडायचा. एक पंखा काढला तर यंत्र चालूच होईना.

“शिकवणीपुरतं तरी बंद करत जा की,” वेदवल्ली म्हणाली.

“सारखं बंद-चालू करायला तो काय ट्यूबलाइट आहे? कधीच बंद करायचा नसतो. एक्स्चेंज मी बंद केलं होतं कधी?”

“एक्स्चेंजवर गावाचे फोन होते.”

तो उठून आत गेला. खोलीचं दार मात्र दणकन लागलं.

वेदवल्लीने आपल्या परीने वाट काढायचा प्रयत्न केला. आधी पोरींना दाराबाहेर व्हरांड्यात बसवलं, पण तिथे रस्त्याचा गोंगाट. मग एके दिवशी तिने असं काही केलं की ते आठवून तिला नंतर स्वतःचीच लाज वाटत राहिली. तिने वीणा त्या शिट्टीला लावली. शिट्टी भांडतेय तर तिलाच षड्ज करू, असं म्हणून खुंट्या पिळून तारा वर चढवल्या. पोरींचे गळे ताणले गेले, एका वीणेची तार तटकन तुटून संहिताच्या बोटाला लागली. वर उकाडा वाढला की पंखे आणखी जोरात फिरायचे आणि षड्ज जागचा हलायचा. यंत्राच्या तालावर आपण नाचतोय हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिने वीणा पुन्हा खाली उतरवली.

संहिता ही तिची सगळ्यांत गुणी शिष्या. वडील बेंगळुरूच्या एका कॉम्प्युटर कंपनीत, शनिवार-रविवारी घरी यायचे. ती पोर सहाव्या वर्षी आली तेव्हा वीणेपेक्षा बुटकी होती. आता अकरावीत होती, आणि तिने एक गमक घेतलं की वेदवल्लीला स्वतःची आई आठवायची. अशी शिष्या आयुष्यात एखादीच मिळते, हे वेदवल्लीला ठाऊक होतं. म्हणून ती तिला जास्तच रागवायची. सूर केसाएवढा जरी हलला तरी थांबवायची. “बरोबर” हा शब्द तिच्या तोंडून मिळवायला पोरींना वर्षं लागायची.

दसरा आला. घरात बाहुल्यांची आरास मांडली. दर वर्षी सरस्वतीपूजेच्या संध्याकाळी सगळ्या शिष्या तिच्या हॉलमध्ये वाजवायच्या, आईवडील ऐकायला यायचे, शेवटी हरभऱ्याची उसळ आणि केसरीभात. वेदवल्लीने नवऱ्याला चार दिवस आधीच धरलं.

“त्या एका संध्याकाळी बंद ठेवायचा. बाकी मी काही मागत नाही.”

“ठेवतो, ठेवतो. एवढं काय त्यात!”

आणि त्याने खरंच ठेवला. दुपारपासून घर इतकं शांत झालं की गल्लीतल्या भाजीवाल्याची हाक आत ऐकू आली. वेदवल्लीने वीणेला हळद-कुंकू लावलं, फुलं वाहिली. हॉल भरला. छोट्या पोरींनी आपापलं वाजवलं, आयांनी माना डोलावल्या. शेवटी संहिता बसली. कल्याणी रागातली ‘वर्ण’ ही रचना. पहिल्या काही स्वरांतच कुजबुज थांबली. वेदवल्लीने डोळे मिटले.

तेवढ्यात शेजारच्या खोलीत विमान उडालं.

संहिताचा हात तारेवरच थबकला. सगळ्यांच्या माना वळल्या. वेदवल्ली उठली, खोलीत गेली. सौम्यनारायण कंबरेवर हात ठेवून उभा होता, शेजारी संहिताचे वडील, हरिप्रसाद.

“काही नाही गं,” सौम्यनारायण म्हणाला. “हे म्हणाले, घरी सर्व्हर ठेवलाय? दाखवा की. आता एवढा जाणकार माणूस आलाय. दोन मिनिटांत बंद करतो.”

“तुमची मुलगी वाजवतेय,” वेदवल्ली हरिप्रसादला म्हणाली.

तो ओशाळला. “सॉरी मिस, मला वाटलं नाही एवढा आवाज होईल.” मग यंत्रात डोकावून तो सौम्यनारायणला म्हणाला, “सर, हे भलतंच कार्ड बसवलंय तुम्ही. हे काढून टाका ना. कंपनीचंच साधं कार्ड घाला, नाहीतर नुसतं हे काढलं तरी गप्प बसेल. एक स्क्रू तर आहे.”

वेदवल्ली नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्या तोंडावर आश्चर्य नव्हतं. तिला काय कळायचं ते तिथेच कळलं.

बाहेर संहिताने वर्ण पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. पण ती बिचकली होती. दोन ठिकाणी चुकली आणि खाली मान घालून उठली.

पाहुणे गेले. उसळीचं पातेलं अर्धं उरलं होतं. वेदवल्ली आराशीपुढच्या दिव्यात तेल घालता घालता शांतपणे म्हणाली, “कार्ड काढलं की गप्प बसतो. हे तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?”

“कधीपासून म्हणजे? पहिल्या दिवसापासून. त्यात न कळण्यासारखं काय आहे?”

“मग काढलं का नाही?”

“काढणं म्हणजे काय तोडगा झाला? तो पळपुटेपणा झाला! कोणीही काढेल. ते घालून शांत करायचं, त्यात काम आहे.”

“मी पोरींना व्हरांड्यात बसवलं. तारा पिळून तोडल्या. तुम्ही बघत होतात.”

“तुझ्या पोरी, तुझ्या पोरी! तीस वर्षं या घरात तुझ्या पोरींचं सारेगम ऐकलंय मी. मी कधी म्हटलं, बंद कर? माझं एक यंत्र चाललं तर लगेच घर डोक्यावर घेतलंत सगळ्यांनी.”

वेदवल्लीला शिसारी आली. तिने दिवा सरळ केला आणि आत गेली. यंत्र दसऱ्यानंतरही तसंच चालू राहिलं. आता तर तो हट्टालाच पेटला होता.

पोरी गळायला लागल्या. कुणाचा तक्रारीचा सूर नव्हता. “परीक्षा आहे मिस”, “आम्ही आता विजयनगरला राहायला जातोय मिस”, “हिला डोकं दुखतं म्हणते मिस, थोडे दिवस थांबू या.” सगळे निरोप मोबाइलवर, खाली हात जोडलेली चित्रं. दाराबाहेरचा चपलांचा ढीग विरत विरत दोन जोडांवर आला. पौषात संहिताची आई तिला घेऊन स्वतः आली. केळी, नारळ, ब्लाउजपीस घेऊन आली, यावरूनच वेदवल्लीला समजायचं ते समजलं.

“मिस, हिला पुढच्या वर्षी स्पर्धेला बसवायचंय. कुवेंपुनगरला त्या एक बाई आहेत... रोज सराव हवा म्हणतात. हिचे वडील म्हणाले...” बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. “तुमच्यात काही कमी नाही हो. पण इथे...” तिने खोलीच्या दाराकडे पाहिलं.

“चांगल्या आहेत त्या,” वेदवल्ली म्हणाली. “मला ठाऊक आहेत. जा तू, संहिता.”

पोर पाया पडली तेव्हा हुंदके देत होती. वेदवल्लीने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिचं बोट पाहिलं. तार लागली होती तिथे अजून बारीक पांढरा वण होता.

दुसऱ्या दिवशी सौम्यनारायण पेन्शनच्या कामाला बँकेत गेला. वेदवल्ली खोलीत शिरली. इतक्या वेळा तिने त्याला ते करताना पाहिलं होतं की तिला काही आठवावं लागलं नाही. वायर काढली. झाकणाची कडी उचलली. एक स्क्रू. कार्ड तिच्या तळहातात मावलं. एवढंसं, हिरवं, पोळपाटाच्या पायाएवढं. तिने झाकण लावलं, वायर लावली, बटण दाबलं. पंखे एकदा जोरात ओरडले आणि हळूहळू खाली आले, आणि फ्रिजसारखी ती जुनी घरघर तेवढी उरली. वेदवल्लीने कार्ड त्याच्या टेबलावर, त्याच्या चष्म्याच्या घरावर ठेवलं, आणि भाजी चिरायला बसली.

तो आला. दारातच थबकला. “करंट गेला का?”

“नाही.”

तो खोलीत धावला. बराच वेळ बाहेर आला नाही. मग कार्ड हातात घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभा राहिला.

“मला विचारायचं होतंस.”

“दसऱ्याच्या आधीपासून विचारतेय.”

“मी करत होतो, वेदा. झालंच असतं. थोडक्यात राहिलं होतं.”

ती चिरत राहिली. तो तिथेच उभा होता. इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात पेन, अजूनही.

“खात्याने घरी पाठवलं,” तो म्हणाला. “म्हटलं, एक खोली तरी आपली असेल. तिथूनही तू मला काढलंस.”

वेदवल्लीचा विळीवरचा हात थांबला. तिला त्याची कीव आली, आणि कीव आली याचाच तिला राग आला. कारण कीव आली म्हणून गेलेल्या पोरी काही परत येणार नव्हत्या, आणि तो त्यांच्याबद्दल एक शब्द बोलला नव्हता.

“तुमची खोली तुम्हाला ठेवा,” ती म्हणाली. “हॉलही ठेवा. आता तो रिकामाच आहे.”

त्याने सर्व्हर बंद केला आणि पुन्हा कधी चालू केला नाही. तिच्या कॅसेटपैकी किती त्यात गेल्या, काय गेल्या, तिने विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. उरलेल्या दोन पोरींना तिने स्वतःच दुसऱ्या बाईंकडे पाठवून दिलं.

मग ती एका सकाळी वीणा घेऊन बसली. घरात पूर्ण शांतता. तिने षड्जाची तार छेडली, आणि तिच्या लक्षात आलं की शिट्टी ऐकू येतेय. ती उठली, खोलीत जाऊन पाहिलं. यंत्र थंड होतं, त्यावर धूळ बसली होती. परत येऊन बसली. शिट्टी तिथेच, ना षड्जावर, ना ऋषभावर. तिने कान झाकले, तर ती मोठी झाली.

कानाच्या डॉक्टरने तिला काचेच्या खोलीत बसवलं, डोक्याला यंत्र लावलं, आवाज ऐकू आला की बोट वर करा म्हणाला. नंतर कागद बघत म्हणाला, “वयही आहे, आवाजही असेल. नेमकं सांगता नाही येत. हा आता राहणार अम्मा. फार लक्ष देऊ नका त्याच्याकडे.”

आयुष्यभर ती दुसरं काही करत आली नव्हती. सुराकडे लक्ष देत आली होती. ती “बरं” म्हणाली आणि बाहेर आली.

संहिता स्पर्धेत पहिली आली. पुढच्या उन्हाळ्यात एका संगीत सभेत तिचा पहिला कार्यक्रम ठरला. ती आईबरोबर आमंत्रण द्यायला आली, “मिस, तुम्ही पुढे बसायचं” म्हणून हट्टाने वचन घेऊन गेली. वेदवल्ली मोरपिशी रेशमी साडी नेसून गेली. सौम्यनारायणही आला. निवेदकाने संहिताच्या नव्या गुरूंबद्दल भरभरून सांगितलं, आणि ‘प्राथमिक धडे वेदवल्ली यांच्याकडे’ असं एक वाक्य घातलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वेदवल्लीने हात जोडले.

पोर फार सुंदर बसली होती. पाठ ताठ, मनगट सैल, जसं शिकवलं तसं. मंद्रातलं, मध्यातलं सगळं वेदवल्लीला ऐकू येत होतं, आणि तिचा ऊर भरून येत होता. पण आलाप जसजसा वर चढला, तसतशी कानातली शिट्टी स्वरात मिसळत गेली. वरच्या षड्जावर संहिता थांबली, डोळे मिटून थांबली, आणि आजूबाजूच्या लोकांनी “आहा” म्हटलं. वेदवल्लीला फक्त पोरीचं बोट वीणेच्या पडद्यावर थांबलेलं दिसलं.

कार्यक्रम संपल्यावर संहिता गर्दीतून वाट काढत तिच्याकडेच आली. पाया पडली. धाप लागली होती, केसातला मोगरा घसरला होता.

“मिस, वरचा षड्ज लागला ना? मला तिथेच भीती होती. खरं सांगा हं. तुम्हीच खरं सांगाल.”

वेदवल्लीने तिचा मोगरा सारखा केला.

“लागला,” ती म्हणाली. “बरोबर लागला.”

पोरीचा चेहरा उजळला. हा शब्द मिळवायला तिने दहा वर्षं घातली होती. ती उड्या मारत आईकडे पळाली.

रिक्षात सौम्यनारायण घसा खाकरून म्हणाला, “आता तू पुन्हा सुरू करायला हरकत नाही. मुली येतील. आता घरात कसला आवाज नाही.”

“नाही,” वेदवल्ली म्हणाली. “घरात नाही.”